संत बहिणाबाई

हा लेख सतराव्या शतकातील संत कवयित्री बहिणाबाई यांच्याविषयी आहे. खानदेशातील विसाव्या शतकातील कवयित्रीसाठी पाहा: बहिणाबाई चौधरी.

संत बहिणाबाई (जन्म : इ.स. १६२८, देवगाव रंगारी, निर्याण : २ ऑक्टोबर १७००, शिऊर) या वारकरी संप्रदायातील संत कवयित्री व संत तुकाराम महाराजांच्या शिष्या होत्या. बालविवाह, परागंदा झालेल्या कुटुंबाबरोबरची पायपीट, पतीचा विरोध व मारहाण आणि गावातील प्रतिष्ठितांकडून झालेला छळ हे सारे त्यांनी सोसले व तेच आपल्या अभंगांचा विषय केले. स्वतःच्या आयुष्याची क्रमवार हकिकत सांगणारे त्यांचे 'आत्मनिवेदन' हे मराठीतील स्त्रीने रचलेल्या आत्मचरित्रपर लेखनाचे आरंभीचे आणि महत्त्वाचे उदाहरण आहे. तुकाराम महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीचे कथन म्हणूनही या अभंगांना इतिहासाच्या दृष्टीने मोल आहे.

जन्म आणि बालपण

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० मध्ये वेरूळच्या पश्चिमेस असलेल्या देवगाव या गावी झाला. हे गाव आज देवगाव रंगारी या नावाने ओळखले जाते व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात आहे. वडिलांचे नाव आऊजी आणि आईचे जानकी. आऊजी गावचे कुलकर्णी होते. जमिनीचा व सरकारी वसुलाचा हिशेब ठेवणे हे कुलकर्ण्याचे काम असल्यामुळे घराला गावात मान होता. मात्र वतनामुळे भाऊबंदांशी हेवेदावे होण्याचाही संभव असे. मूल व्हावे म्हणून आऊजींनी लक्षतीर्थावर अनुष्ठान केले आणि त्यानंतर ही कन्या झाली, असे बहिणाबाईंनी सांगितले आहे. तिच्या पाठीवर या दांपत्याला मुलगे झाले.

हा काळ दख्खनमध्ये अत्यंत अस्थिर होता. बहिणाबाई दोन-तीन वर्षांच्या असताना, इ.स. १६३० ते १६३२ या काळात, मोठा दुष्काळ पडला. याच दुष्काळात देहूला तुकाराम महाराजांची पहिली पत्नी अन्नावाचून दगावली. देवगावपासून जवळ असलेला दौलताबादचा किल्ला १६३३ मध्ये मोगलांच्या ताब्यात गेला आणि १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली. बहिणाबाईंच्या कथनात मात्र राज्यकर्त्यांच्या घडामोडींना जवळजवळ स्थान नाही. त्या सांगतात ते घराचे, वाटेचे आणि मनाचे. लहानपणी बरोबरीच्या मुली खेळात रमत असताना आपल्याला देवाच्या नामाचीच गोडी वाटे, अशी आठवण त्यांनी नोंदवली आहे.

विवाह आणि देशोधडी

वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांचा विवाह शिऊर येथील गंगाधर पाठक यांच्याशी झाला. गंगाधरपंत त्या वेळी सुमारे तीस वर्षांचे होते व त्यांची पहिली पत्नी वारलेली होती. ते वेदाध्ययन केलेले व भिक्षुकी करणारे ब्राह्मण होते. वयातील हे अंतर त्या काळच्या रूढीला धरूनच होते. बहिणाबाईंनीही त्याबद्दल तक्रार केलेली नाही. पतीच्या विद्वत्तेचा उल्लेख त्या आदराने करतात.

बहिणाबाई नऊ वर्षांच्या असताना देवगावात भाऊबंदकीचा तंटा विकोपाला गेला आणि आऊजींवर गाव सोडण्याची पाळी आली. आईवडील, भावंडे, बहिणाबाई व जावई गंगाधरपंत असे सारे कुटुंब परागंदा झाले. गोदावरीच्या तीराने, कोरान्न मागत, मिळेल तेथे मुक्काम करत ही मंडळी पंढरपूरला पोचली. तेथे विठ्ठलाचे दर्शन घेऊन काही दिवस राहिल्यावर ती शिखर शिंगणापूरच्या महादेवाला गेली आणि पुढे रहिमतपुरास आली. रहिमतपुरात काही काळ काढल्यावर कुटुंब कोल्हापूरला गेले. तोपर्यंत बहिणाबाईंचे वय अकरा वर्षांचे झाले होते.

अंगावरच्या वस्त्रांनिशी केलेल्या या प्रवासातच त्यांना पंढरी प्रथम दिसली आणि वाटेवरच्या देवळांतून कथा-कीर्तने कानावर पडली. घरदार सुटल्याचे दुःख आणि विठ्ठलाची ओढ या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात एकाच वाटेवर आल्या.

कोल्हापूर : कपिला गाय आणि तिचे वासरू

कोल्हापुरात या कुटुंबाला बहिरंभट नावाच्या विद्वान ब्राह्मणाच्या घरी आश्रय मिळाला. तेथे गंगाधरपंतांना एक कपिला गाय दान मिळाली. थोड्याच दिवसांत ती व्याली व तिला वासरू झाले. या वासराला बहिणाबाईंचा विलक्षण लळा लागला. त्या पाण्याला गेल्या की ते मागे येई. त्या नजरेआड झाल्या की ते चारापाण्याला तोंड लावीत नसे. पोरवयातील, माहेर कायमचे सुटलेल्या या मुलीलाही त्या मुक्या जिवाचाच आधार वाटत होता.

त्या सुमारास जयरामस्वामी वडगावकर यांची कोल्हापुरात कीर्तने होत असत. बहिणाबाई आईवडिलांबरोबर कीर्तनाला जात आणि वासरूही त्यांच्याबरोबर जाई. एका एकादशीला गर्दी फार झाल्यामुळे वासराला बाहेर काढण्यात आले. ते हंबरू लागले आणि बहिणाबाईंनाही रडू आवरेना. जयरामस्वामींना हे समजल्यावर त्यांनी दोघांनाही जवळ बोलावले आणि दोघांच्याही मस्तकावरून हात फिरवला. गावात याची चर्चा झाली. आपल्या पत्नीभोवती लोक जमतात, स्वामी तिचे कौतुक करतात, हे गंगाधरपंतांच्या कानी गेले आणि संतापाच्या भरात त्यांनी बहिणाबाईंना बेदम मारले व बांधून ठेवले. बहिणाबाईंनी हा प्रसंग आडपडदा न ठेवता सांगितला आहे. गाय आणि वासरू दोघांनीही अन्नपाणी सोडले, आणि अखेर वासराने प्राण सोडला. त्याच्या मृत्युसमयीच्या चमत्काराची कथा परंपरेत प्रसिद्ध आहे.

वासराच्या मृत्यूनंतर बहिणाबाई काही दिवस निश्चेष्ट पडून होत्या. जयरामस्वामींच्या कीर्तनातून त्यांनी तुकाराम महाराजांचे अभंग ऐकले होते आणि त्या अभंगकर्त्याचे दर्शन व्हावे असा ध्यास त्यांना लागला होता. या अवस्थेतच तुकाराम महाराजांनी स्वप्नात येऊन आपल्या मस्तकी हात ठेवला व मंत्र दिला, असे त्यांनी सांगितले आहे. स्वतः तुकाराम महाराजांनाही बाबाजी चैतन्य यांच्याकडून मिळालेला उपदेश स्वप्नातच झाला होता. त्यामुळे वारकरी परंपरेत गुरू आणि शिष्या यांच्या अनुग्रहातील हे साम्य विशेष मानले जाते.

पतीचा विरोध आणि त्याचे परिवर्तन

स्वप्नातील अनुग्रहाची वार्ता पसरल्यावर लोक बहिणाबाईंच्या दर्शनास येऊ लागले. गंगाधरपंतांना हे असह्य झाले. ते वैदिक ब्राह्मण, आणि पत्नीने गुरू केला तो शूद्र मानल्या गेलेल्या कुणबी-वाण्याच्या घरचा, तोही स्वप्नात! लोक आता आपल्याला विचारणार नाहीत, पत्नीच्या मागे आपले नाव जाईल, ही बोचही त्यांना होती. पत्नीला तिच्या आईवडिलांच्या हवाली करून आपण तीर्थयात्रेला निघून जावे असे त्यांनी ठरवले. बहिणाबाई त्या वेळी गर्भवती होत्या.

याच ठिकाणी बहिणाबाईंच्या आयुष्यातला खरा पेच उभा राहिला. स्त्रीला वेदमंत्राचा अधिकार नाही, पती हाच तिचा देव, असे त्यांना शिकवले गेले होते आणि त्यावर त्यांचा विश्वासही होता. दुसरीकडे विठ्ठलाचे नाम आणि तुकाराम महाराजांचे शब्द सोडणे त्यांना अशक्य होते. आपण स्त्रीचा देह घेऊन आलो म्हणून परमार्थाचे दरवाजे आपल्याला बंद झाले, ही वेदना त्यांच्या अनेक अभंगांत येते. त्याच गाथेत पतिसेवेचे माहात्म्य सांगणारे अभंगही आहेत. या दोन्हींतील विरोध त्यांनी लपवला नाही.

गंगाधरपंत निघण्याच्या बेतात असतानाच गंभीर आजारी पडले. सुमारे महिनाभर ते अंथरुणाला खिळून होते. ज्या हातांनी मार दिला होता त्याच हातांची सेवा बहिणाबाईंनी रात्रंदिवस केली. आजारपणात गंगाधरपंतांना पश्चात्ताप झाला. पत्नीच्या भक्तीची निंदा केल्याचे हे फळ आहे असे त्यांच्या मनाने घेतले आणि बरे झाल्यावर त्यांनी स्वतःच देहूला जाण्याचा निश्चय केला. बहिणाबाई, त्यांचे आईवडील आणि कपिला गाय यांच्यासह सारे देहूस निघाले.

देहू : तुकाराम महाराजांचा सहवास

देहूला इंद्रायणीच्या काठी विठ्ठलमंदिरात बहिणाबाईंनी तुकाराम महाराजांना प्रथम प्रत्यक्ष पाहिले. स्वप्नात पाहिलेली मूर्ती आणि समोरची मूर्ती एकच असल्याचे त्या सांगतात. या वास्तव्यात रोज तुकाराम महाराजांचे कीर्तन ऐकणे हा त्यांच्या दिवसाचा मुख्य भाग झाला. कोंडाजी नावाच्या गृहस्थाने या कुटुंबाच्या जेवणाची सोय केली होती. कन्या काशीबाई हिचा जन्म याच काळात झाला. पुढे विठ्ठल नावाचा मुलगा झाला.

देहूतही त्यांना स्वस्थता लाभली नाही. मंबाजी गोसावी हा तुकाराम महाराजांचा विरोधक होता. प्रारंभी निवाऱ्यासाठी हे कुटुंब त्याच्याकडेच गेले होते. आपला उपदेश घ्यावा असा मंबाजीने आग्रह धरला. तुकाराम महाराज हेच आपले गुरू आहेत असे समजल्यावर तो वैरी बनला. ब्राह्मणांनी शूद्राला गुरू करणे हा धर्मभंग आहे, त्याबद्दल शासन व्हावे, अशी तक्रार त्याने पुण्याच्या आपाजी गोसावी यांच्याकडे लिहून पाठवली. या कुटुंबाला वाळीत टाकण्याची भीती घातली गेली. मंबाजीने त्यांची गाय पळवून, बांधून ठेवून निर्दयपणे मारली आणि तिच्या अंगावरच्या माराचे वळ तुकाराम महाराजांच्या पाठीवर उमटले, असे बहिणाबाईंनी वर्णन केले आहे. कोल्हापूरच्या वासराप्रमाणेच येथेही त्यांच्या वाट्याच्या छळाचा धनी एक मुका प्राणी झाला.

मात्र कोल्हापुरात विरोध घरातून होता. देहूत पती त्यांच्या बाजूने उभा होता.

इ.स. १६५० मध्ये, शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, तुकाराम महाराजांचे वैकुंठगमन झाले. तुकाराम महाराजांच्या वह्या तेरा दिवस पाण्यात राहून सुरक्षित निघाल्याचा उल्लेखही बहिणाबाईंच्या अभंगांत आढळतो. समकालीन व्यक्तीने केलेली नोंद म्हणून तुकारामचरित्राचे अभ्यासक या उल्लेखाकडे आवर्जून लक्ष वेधतात.

शिऊर येथील उत्तरायुष्य आणि निर्याण

देहूनंतर बहिणाबाई सासरच्या गावी, शिऊरला, येऊन राहिल्या. हे गाव आज वैजापूर तालुक्यात असून देवगावपासून फार दूर नाही. लहानपणी जो प्रदेश सोडून जावे लागले होते, तेथेच त्या परत आल्या. संसार, मुलांचे संगोपन, भजन आणि अभंगरचना असा त्यांचा पुढचा काळ गेला. समर्थ रामदासांशीही त्यांची भेट झाली होती, असे परंपरा सांगते.

आयुष्याच्या अखेरीस त्यांच्या सुनेचे, विठ्ठलच्या पत्नीचे, निधन झाले. विठ्ठल गोदातीरी तिच्या उत्तरक्रियेसाठी गेला असताना बहिणाबाईंनी त्याला पत्र पाठवून तातडीने बोलावून घेतले. आपला अंतकाळ जवळ आल्याचे त्यांनी त्याला सांगितले आणि आपल्या मागील बारा जन्मांची कथा त्याला ऐकवली. चालू जन्म हा तेरावा व शेवटचा, अशी त्यांची श्रद्धा होती. पत्नीच्या शोकात असलेल्या मुलाला आपल्या मरणासाठी तयार करणारी आई, असे या निर्याणाच्या अभंगांचे स्वरूप आहे. त्यांत भीती नाही. निरोपाची शांतता आहे.

शके १६२२, आश्विन शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे २ ऑक्टोबर १७०० रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी बहिणाबाईंचे शिऊर येथे निर्याण झाले. त्यांची समाधी तेथेच आहे.

काव्यरचना

बहिणाबाईंची बहुतेक रचना अभंगात आहे. अभंग हा लिहिण्या-वाचण्यापेक्षा म्हणण्याचा छंद. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा व चौथ्यात चार अक्षरे असून दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. टाळ, मृदंग आणि वीणेच्या साथीवर तो भजनात सहज बसतो व अक्षरओळख नसलेल्यालाही पाठ होतो. शास्त्राध्ययनाचा अधिकार नाकारलेल्या स्त्रीला हे माध्यम खुले होते. कीर्तनात ऐकून ते शिकता येत होते आणि घरकाम करता करता म्हणता येत होते. अभंगाच्या अखेरीस 'बहिणी' ही त्यांची नाममुद्रा येते.

आत्मनिवेदन : जन्मापासून देहूच्या वास्तव्यापर्यंतच्या घटना या अभंगांत क्रमाने येतात. भाषा साधी व निवेदनपर आहे. पूर्वजन्मांचे आणि निर्याणाचे अभंग याला जोडूनच वाचले जातात.

भक्तिपर व उपदेशपर अभंग : नाममहिमा, संतसंग, गुरुभक्ती, वैराग्य, पतिव्रताधर्म आणि मनाला केलेला उपदेश हे त्यांतील विषय होत. पंढरपूरच्या पुंडलिकाचे माहात्म्यही त्यांनी गायिले आहे.

वज्रसूची : या नावाच्या संस्कृत ग्रंथाचा आशय त्यांनी मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण कोणाला म्हणावे, हा त्याचा विषय. जीव, देह, जन्म, ज्ञान, कर्म यांपैकी कशानेही ब्राह्मणत्व सिद्ध होत नाही, ब्रह्म जाणणारा तोच ब्राह्मण, असा त्याचा निष्कर्ष आहे. शूद्र गुरू केल्याबद्दल ज्यांच्या कुटुंबाला वाळीत टाकण्याची धमकी मिळाली होती, त्यांनी हाच ग्रंथ मराठीत आणावा, याला विशेष अर्थ आहे. मंबाजीच्या तक्रारीला दिलेले हे शास्त्राच्याच आधाराचे उत्तर म्हणता येईल.

वारकरी संप्रदायाला इमारतीची उपमा देणारा त्यांचा अभंग सर्वांत प्रसिद्ध आहे. ज्ञानेश्वरांनी घातलेला पाया, नामदेवांनी केलेला विस्तार, एकनाथांचा भागवतरूपी आधार आणि तुकाराम महाराजांचा कळस अशी चार शतकांची परंपरा त्यात काही ओळींत उभी केली आहे. कीर्तनकार तो आजही आवर्जून म्हणतात. संप्रदायाचा इतिहास सांगताना हीच प्रतिमा वापरण्याचा प्रघात पडला आहे.

वैशिष्ट्य आणि मूल्यमापन

महाराष्ट्रातील संत कवयित्रींमध्ये बहिणाबाईंचे स्थान वेगळे आहे. मुक्ताबाई अविवाहित होत्या, जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या, कान्होपात्रा गणिकेच्या घरी जन्मल्या होत्या. पती, मुले व आईवडील यांच्या संसारात राहून, त्यातील ताण सोसत आणि तो शब्दांत मांडत परमार्थ करणाऱ्या म्हणून बहिणाबाई ओळखल्या जातात. त्यांनी घर सोडले नाही आणि गुरूही सोडला नाही. पतीविषयी त्यांनी कटुता ठेवली नाही, पण त्याने केलेली मारहाण झाकूनही ठेवली नाही. पातिव्रत्याचा त्यांनी केलेला पुरस्कार आजच्या वाचकाला खटकू शकतो. तथापि ज्या चौकटीत त्यांना जगायचे होते, तिच्या आत राहून त्यांनी आपला अधिकार मिळवला, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

भारतीय भाषांतील आत्मचरित्राच्या इतिहासातही त्यांचे नाव घेतले जाते. आग्र्याच्या बनारसीदासांचे 'अर्धकथानक' १६४१ मधले, म्हणजे बहिणाबाईंच्याच शतकातले. बंगालीतील राससुंदरी देवींचे 'आमार जीबन' प्रसिद्ध झाले ते १८७६ मध्ये, बहिणाबाईंच्या निर्याणानंतर पावणेदोनशे वर्षांनी.

गाथेचे प्रकाशन आणि अभ्यास

बहिणाबाईंचे अभंग दीर्घकाळ हस्तलिखितांत आणि भजनी मंडळांच्या मुखी राहिले. गाथेची छापील आवृत्ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निघाली. जस्टिन अ‍ॅबट यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९२९ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाले आणि मराठीबाहेरच्या वाचकांना त्यांची ओळख झाली. शालिनी जावडेकर यांनी संपादित केलेली गाथा १९७९ मध्ये आली. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या निबंधात पत्नी आणि संत या दोन भूमिकांमधील त्यांच्या ओढाताणीचा विचार केला आहे. सूसी थारू व के. ललिता यांनी १९९१ मध्ये संपादित केलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या संग्रहातही त्यांच्या रचनांचा समावेश आहे.

जन्मगाव देवगाव रंगारी आणि समाधिस्थान शिऊर ही दोन्ही गावे वारकऱ्यांना बहिणाबाईंची गावे म्हणून परिचित आहेत. ज्या मुलीला कीर्तन ऐकल्याबद्दल मार खावा लागला, तिचे अभंग आता कीर्तनात प्रमाण म्हणून घेतले जातात.